पार्वतीला साडी कशी नेसवायची, ते सांगतो

उदगीरकडच्या एका कॉलेजातल्या पोरानं विचारलंय, की गॅदरिंगला 'अशी ही बनवाबनवी'मधला डोहाळजेवणाचा सीन गाण्यासकट बसवायलोत, पार्वती आणि सुधा दोघींसाठी पोरं ठरलीत, पण साडी नेसवली की पोरगं बाई तर दिसत नाहीच, हसूबी येत नाही, नुसतं घाण दिसतंय, तर नेमकं काय चुकायलंय. आणि खाली अजून एक, की पिक्चर आमच्या जन्माच्या आधीचा, तरी सर असो, शिपाईकाका असो, हॉस्टेलच्या पोरी असो, सगळ्यांना दरवर्षी तोच का पाहिजे.

मला तर हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. पण आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हणशील हा कोण शहाणा. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या अंगाला आमच्या मामाची ड्रेपरी होती, ९२ साली मी दहावीत गचकलो आणि मामानं दुकानात आणून बसवलं, तवापासून हेच. जिजाऊ, झाशीची राणी, वासुदेव, लावणीचा ड्रेस, बालवाडीच्या लेकरांचं वांगं आणि टमाटा. भूकंपाच्या साली तेवढं कुणाला गॅदरिंग सुचलं नाही, बाकी डिसेंबर ते फेब्रुवारी एकही वर्ष असं गेलं नाही की कुणी येऊन "काका, पार्वती आहे का" विचारलं नाही. मामा म्हणायचा, आपलं दुकान लावणीवालीनं उभं केलं आणि पार्वतीनं टिकवलं.

एक गोंधळ आधीच काढून टाकतो. निम्मी पोरं येऊन लिंबू कलरची साडी मागतात. अरे बाबांनो, लिंबू कलरची साडी माधुरीची, म्हणजे अश्विनी भावेची, आणि ती डोक्यात बसलीय धनंजय मानेमुळं, म्हणजे अशोक सराफमुळं. पार्वतीचा तिच्याशी काही संबंध नाही. पण त्या एका डायलॉगनं एवढं केलं, की आजबी साडीच्या दुकानात बाई "लेमन यलो दाखवा" म्हणत नाही, "लिंबू कलर" म्हणते आणि म्हणताना जरा हसते. मी स्वतः गोलाईत कापड घेताना किती वेळा ऐकलंय.

आता पिक्चर. सप्टेंबर १९८८ चा, डायरेक्शन सचिनचं, लिहिलेला वसंत सबनीसांनी, गाण्यांना संगीत अरुण पौडवाल यांचं. मूळ गोष्ट हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'ची, तो १९६६ चा, त्यात बिश्वजीत आणि केश्टो मुखर्जी साडीत होते. तो हिंदी पिक्चर आज किती जणांना आठवतो ते सोड, आपल्या मराठीनं मात्र डोक्यावर घेतला. पुण्यात चार पोरं, खोली मिळेना, बिनलग्नाच्यांना कुणी ठेवून घेईना, मंग दोघं नवरे आणि दोघं बायका. धनंजयची बायको पार्वती, म्हणजे परशा, आपला लक्ष्मीकांत बेर्डे, आणि शंतनूची बायको सुधा, म्हणजे सचिन.

हे आमच्या मराठवाड्यात का चाललं, ते मला विचार. आमच्याकडं असं घर दाखव ज्यातलं एक लेकरू पुण्यात खोली शोधत फिरलं नाही. कुणी इंजिनिअरिंगला, कुणी स्पर्धा परीक्षेला, कुणी नुसतंच काम बघायला. आणि पुण्यात पहिलं वाक्य काय ऐकतंय, तर बॅचलरला रूम देत नाही. माझा भाचा सदाशिव पेठेत आठ जणांत एक संडास असलेल्या खोलीत दोन वर्षं राहिला, त्याच्या दाराला खडूनं लिहिलं होतं, "धनंजय माने इथेच राहतात". तो काही नाटकातला पोरगा नाही, हिशोब लिहितो. म्हणून म्हणतो, हा पिक्चर आमच्यासाठी साडीतल्या पोरांचा नाही, भाड्याच्या खोलीचा आहे, साडी ही डिपॉझिट आहे म्हण.

आणि इथंच तुझ्या पोरांचं चुकायलंय. तुम्ही साडीला जोक समजायलात. पिक्चरमधे साडी जोक नाही. त्या दोघांना घरातून हाकलून देतील ही भीती खरी आहे, म्हणून ते साडी नीट नेसतात, पदर सावरतात, बाईसारखं दिसायची जिवापाड खटपट करतात, आणि ती खटपट कुठं उसवते ते बघून आपण हसतो. "हा माझा बायको पार्वती" यात हसू 'हा'चं आहे, साडीचं नाही. तुमचा पोरगा स्टेजवर येतो तेच छाती हलवत आणि डोळा मारत, मंग उसवायला राहिलंच काय?

सुधा आणि पार्वती हे दोन वेगळे प्रकार आहेत हेबी ध्यानात घे. सचिनची सुधा अशी, की पाच मिनिटांनी आपण विसरतो. लक्ष्याची पार्वती अशी, की एक सेकंद विसरत नाही, आणि तरी लीलाबाई काळभोर फसतात हे आपल्याला पटतं. म्हणून दोघींना एकसारखा मेकअप करू नको. सुधेच्या रोलला बारीक चणीचा, गुळगुळीत तोंडाचा पोरगा घे आणि त्याला जीव लावून सजव. पार्वतीला चांगला धिप्पाड घे आणि त्यालाही तेवढाच जीव लावून सजव, फक्त तो कमी पडणार आहे. तू कमी पडायचं नाही.

आता कामाचं.

सहावारी साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो. पाच फूट दहा इंचाच्या गड्याला ती कमरेला खोचली की खाली चार बोटं पाय उघडा राहतो आणि त्यात केसाळ नडगी, झालं वाटोळं. बाईसारखी बेंबीपाशी बांधू नको, दोन बोटं खाली घे, आणि परकर साडीच्या रंगाचाच शिव, चांगला लांब, म्हणजे साडी उचलली तरी खाली रंग तोच दिसतो. परकराची दुसरी अडचण म्हणजे गड्याला कंबरच नसते, वरून खालपर्यंत सरळ खांब, नाडी कितीबी आवळली तरी नाचताना घसरणार. त्यासाठी आधी सायकलिंगची चड्डी, तिला दोन्ही बाजूंनी स्पंज शिवायचा, मधे जाड आणि कडेला कातरून पातळ केलेला, त्याच्यावर परकर. स्पंजनं आकार येतो आणि नाडीला टेकायला जागाबी मिळते. एकदा हे केलं की साडी आपोआप बाईची पडते, तुला वेगळं काही करावं लागत नाही.

छातीला फुगे, संत्री, टेनिसचे बॉल हे सगळं मी बघितलंय आणि फुगा फुटलेलाबी बघितलाय, ऐन गाण्यात. कापूस भरला तर हलका पडतो, वर चढतो, गळ्यापाशी येतो. वजन पाहिजे. मामा मलमलच्या पिशवीत राळं भरायचा, बारीक दाणा, हातानं दाबला की बसतो, चालताना अंगाबरोबर चालतो. एका साली राळं मिळालं नाही म्हणून ज्वारी भरली, ज्वारीला तर आमच्याकडं तोटा नाही, पण ती ब्लाउजमधून दाण्यादाण्यानं दिसायली आणि रात्री पेटाऱ्यात उंदीर. ज्वारी भरू नको. आणि साईज बेतानं घे. पार्वती ही कुणाची तरी बायको आहे, तमाशातली मावशी नाही.

ब्लाउज मात्र उसना घेऊ नको, शिवूनच घे. गड्याचे खांदे रुंद आणि दंड जाड, बहिणीचा ब्लाउज घातला की काखेत टराटरा. त्या काळचा ब्लाउज बघ, आईच्या लग्नाच्या अल्बममधे सापडंल, कोपराच्या जरा वर बाही, गळा बेताचा, पाठ झाकलेली. हा कट गड्याला एकदम सोयीचा आहे, दंडाचे गोळे झाकतो. गडद रंग घे, पदर उजव्या खांद्यावरून पुढं घ्यायला शिकव, अर्धे खांदे तिथंच गायब. बटणं-हूक पुढून दिसू दे, पण खरं उघडायचं बगलेतून, वेल्क्रोनं. कारण तुमच्या सीनमधे परशाला गडीबी व्हायचंय. आम्ही या पिक्चरसाठी साडी नेसवतच नाही, शिवूनच ठेवतो, निऱ्या पट्ट्यावर पक्क्या, पदर खांद्याला टाचलेला, नवरदेवाच्या फेट्यासारखी तयार. नेसवायला मला बारा-पंधरा मिनिटं लागतात, शिवलेली एका मिनिटात चढते. पण सुधेची साडी शिवू नको. शिवलेल्या साडीच्या निऱ्या मेलेल्या असतात, जवळून कळतंय.

दाढी. दुपारचा कार्यक्रम असंल तर सकाळची दाढी चालत नाही, दोन तास आधी कर, एकदा सुलट एकदा उलट. तरी हिरवट सावली राहतेच, त्यावर नुसता पॅनकेक थापला की तोंड राखेसारखं दिसतंय. आधी त्या सावलीपुरती शेंदरी लिपस्टिक बोटानं पातळ लाव, मंग वरून पॅनकेक. शेंदरी रंग हिरवा मारतो. पोरं घाबरतात, म्हणतात काका हनुमान करायलाव का, पण वरचा थर बसला की बघत राहतात. भुवया कोरू नका, पोरांना उद्या वर्गात बसायचंय, साबण ओला करून केस चिकटवले की भागतंय.

केसांना पूर्ण टोप घेण्यापेक्षा पुढं भांग असलेला साधा विग आणि मागं गंगावन जोडून आंबाडा, त्यावर गजरा. गजरा विगची शिवण झाकतो, तो नुसता शोभेला नसतो. बांगड्या २.१० किंवा २.१२ नंबरच्या माग, बाईच्या मापाच्या गड्याच्या मुठीतून जातच नाहीत. काचेच्या घालू नको, टाळी वाजवली की फुटणार आणि स्टेजवर सगळी अनवाणी. चपलेचं मी बोलतच नाही, दहा नंबरची लेडीज चप्पल अख्ख्या जिल्ह्यात सापडली तर मला कळव.

डोहाळजेवणाच्या पोटासाठी उशी बांधू नको, उशी खाली सरकते आणि पार्वती मधेच बाळंत होते. बनियनलाच आतून स्पंजचं पोट शिवायचं, खांद्याच्या पट्ट्यांवर वजन जातं, वाकलं तरी हलत नाही. साडी हिरवीच पाहिजे, त्यात वाद नाही. फुलांची वाडी, म्हणजे मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, खऱ्या फुलांची केली तर पोरं नाचून नाचून शेवटच्या कडव्यापर्यंत देठ उरतात, कापडी फुलांची करून ठेव, पुढच्या वर्षीबी चालतंय. आणि गाणं नुसतं ठेक्याचं समजू नको, ते आपल्याकडं खऱ्या डोहाळजेवणात वाजतंय, लग्नातल्या मंगलाष्टकांसारखं. विचार कर, दोन गड्यांच्या फसवाफसवीतलं गाणं, आणि आज खरी गर्भार बाई झोपाळ्यावर बसली की घरातल्या बायका तेच लावतात. हे दुसऱ्या कोणत्या पिक्चरचं झालेलं मला तरी ठाऊक नाही.

चालायचं शिकवणं सगळ्यात अवघड. मी एकच सांगतो, तीन दिवस साडी नेसून रिहर्सल करा, आणि रिहर्सलच्या मधे चहा आणायला, झाडू मारायला, जिना चढायला त्याच पोराला लावा. साडी स्वतःच शिकवते. पाऊल छोटं होतंय, हात पदराकडं जातो, बसताना आधी निऱ्या सावरतो. बाईसारखं चाल म्हणून सांगितलं की पोरं कंबर हलवतात, आणि हातात दुधाची पिशवी देऊन जिना चढ म्हटलं की बरोबर आईसारखी चढतात.

कुणी म्हणतंय हे बाईचं सोंग म्हणजे थट्टा, आपल्या संस्कृतीत बसत नाही. त्यांना मी म्हणतो, बाबा, पैठण किती लांब आहे? नाथांची भारुडं गडीच डोक्यावर पदर घेऊन सादर करत आले. तुळजापूरला जा, आईच्या नावानं साडी नेसणारे आराधी गडी भेटतील, परडी हातात, कवड्याची माळ गळ्यात, त्यांच्यासमोर कुणी हसत नाही, वाकून पाया पडतंय. नाटकात तर विष्णुदास भाव्यांपासून बाईचं काम गडीच करायचे, आणि बालगंधर्व तर काय सांगावं, नारायण श्रीपाद राजहंस, टिळकांनी बालगंधर्व म्हटलेले, त्यांची साडी, त्यांचे दागिने, त्यांचा अंबाडा बघून चांगल्या घरच्या बायका तसं नेसायच्या. गड्याकडनं बायकांनी नेसणं उचललं, आहे का कुठं! आणि त्याच माणसानं 'एकच प्याला'तली सिंधू करताना फाटकी साडी नेसली आणि लोक रडले. त्यांचा जन्म १८८८ चा आणि बनवाबनवी १९८८ ची, बरोबर शंभर वर्षं, मी हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, कुणी मनावर घेत नाही.

२०११ ला 'बालगंधर्व' पिक्चर आला, सुबोध भावे, त्याच्या कपड्यांसाठी नीता लुल्लांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मेकअप विक्रम गायकवाडांचा. त्यानंतर दोन-तीन वर्षं आमच्याकडं शालू, भरजरी नऊवारी, नथ यांची लई मागणी आली, नाट्यगीताच्या स्पर्धेला पोरं तसंच पाहिजे म्हणायची. त्याच्या आदल्या साली 'नटरंग', त्यात पैलवान गडी नाच्या होतो आणि गाव त्याला कसं वागवतं ते बघवत नाही. दोन्ही पिक्चर मला आवडतात, नटरंग तर मी दुसऱ्यांदा बघायची हिंमत केली नाही. पण ती मागणी ओसरली. पार्वतीची ओसरली नाही. माझं म्हणणं असं, की शालू बघून माणूस वाहवा करतो आणि पार्वतीची साडी बघून म्हणतो, अरे, ही तर आपल्या मावशीची. १९८८ ला आमच्या गावात बाया जशा नेसत होत्या, तशीच ती साडी आहे, घरात नेसायची, भांडी घासून हात पुसायची. गणपतीत मंडळानं व्हिडिओ भाड्यानं आणून हा पिक्चर लावला होता तेव्हा पुढं बसलेल्या बाया लक्ष्याला नाही, त्याच्या पदराला हसत होत्या, म्हणत होत्या, मेल्यानं खोचला बघ कसा, अगदी शेजारणीसारखा. डिसेंबर २००४ ला लक्ष्या गेला, त्या हिवाळ्यात आमच्या पाचही पार्वत्या एकाच दिवशी बाहेर होत्या आणि सहावी मागायला आलेल्या पोरांना मामानं मामीची साडी काढून दिली.

म्हणून साडी माझ्याकडनं नेऊ नको. हे धंद्याच्या विरोधात सांगायलोय. विग ने, पोट ने, चड्डी ने, साडी घरच्या ट्रंकेतली काढ. फक्त विचारून काढ. काही वर्षांमागं औशाकडच्या एका पोरानं न विचारता आणली, हिरवी, डाळिंबी काठाची, मला म्हणाला आत्याची आहे. मी नेसवली. गाणं सुरू झालं, पार्वती झोपाळ्यावर बसली, आणि तिसऱ्या रांगेतून एक बाई उठून उभी राहिली आणि माईकशिवाय अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडली, "आरं ती माझ्या डोहाळजेवणाची साडी हाय, तुझ्याच वेळची!" पोरगं झोपाळ्यावरच गार. मांडव असा हसला की गाणं दोनदा थांबवावं लागलं, आणि पार्वतीनं, म्हणजे त्या पोरानं, पोटावर हात ठेवून आईकडं बघून मान खाली घातली. लाजली म्हण ना. तसली पार्वती मी परत नेसवली नाही.

कार्यक्रम झाल्यावर ती बाई मागं आली, साडी उलटीपालटी करून बघितली, खांद्यापाशी माझ्या सेफ्टी पिनेनं बोटभर फाटली होती. माझ्याकडनं रफूचे दीडशे रुपये घेतले, आणि पोराला म्हणाली पोट काढू नको, आधी फोटो काढ.

तेव्हा पिनेखाली कापडाचा छोटा तुकडा ठेवत जा, साडीच्याच रंगाचा, आतून. जुनी साडी पिनेला धरत नाही, लगेच जाते.